पेटीवरचे लेबल, पानावरची बातमी

ठाण्याहून भिवंडीकडे येताना काल्हेर, पूर्णा आणि राहनाळ या गावांच्या परिसरात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गोदामांच्या रांगा लागतात. सकाळी कंटेनर लागतो, हमाल पेट्या उतरवितात आणि गोदामाचा कारकून प्रत्येक पेटी चलनाशी ताडून पाहतो. पेटीत काय आहे, किती आहे, कोणी बनविले, कोणत्या महिन्यात बनविले आणि कमाल किंमत काय, हे सारे पेटीवर छापलेले असते. आवेष्टित वस्तूंविषयीचे २०११ चे नियम तसे बंधन घालतात. बाहेर एक आणि आत दुसरेच निघाले, तर तो माल परत जातो आणि पाठविणाऱ्याची पत जाते. व्यापाराचा सारा डोलारा या साध्या विश्वासावर उभा आहे.

त्याच सकाळी नाक्यावर वर्तमानपत्रांचे गठ्ठेही उतरतात. वर्तमानपत्र हीसुद्धा एक वस्तूच आहे. ती छापली जाते, वाहून नेली जाते, विकली जाते. मात्र तिच्या आत जो मजकूर असतो, तो कोणी पाठविला आणि त्यासाठी कोणी पैसे मोजले, हे ताडून पाहण्याचे साधन घेणाऱ्याच्या हाती नसते. बातमी म्हणून जे छापले आहे ते बातमीच आहे, असे तो गृहीत धरतो. या गृहीताचा सौदा होऊ शकतो काय, हा प्रश्न महाराष्ट्रात २००९ साली ठळकपणे पुढे आला. त्याला आता दीड दशक उलटले. तरी त्याचे उत्तर पूर्ण झालेले नाही, म्हणून त्याची उजळणी आवश्यक आहे.

ऑक्टोबर २००९ मध्ये महाराष्ट्र विधानसभेची निवडणूक झाली. तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाण हे नांदेड जिल्ह्यातील भोकर मतदारसंघातून उभे होते आणि एक लाखाहून अधिक मतांच्या फरकाने विजयी झाले. निवडणुकीनंतर 'द हिंदू' या दैनिकाचे ग्रामीण घडामोडींचे संपादक पी. साईनाथ यांनी त्या काळातील मराठी वर्तमानपत्रे गोळा केली. चव्हाण यांच्या कार्याचा गौरव करणारी ४७ पूर्ण पाने त्यांना आढळली. त्यांतील अनेक रंगीत होती. 'अशोकपर्व' अशा शीर्षकाखाली पुरवण्या निघाल्या होत्या. 'लोकमत', 'महाराष्ट्र टाइम्स' आणि 'पुढारी' ही परस्परांशी स्पर्धा करणारी दैनिके. तथापि मुख्यमंत्र्यांच्या नेतृत्वाची स्तुती करणारा एक मजकूर या दैनिकांत शब्दशः सारखा छापून आला. कोठेही 'जाहिरात' असा शब्द नव्हता. तीन पाकगृहांतून एकाच चवीची, एकाच मापाची आणि एकाच आकाराची मिठाई निघावी, असा तो प्रकार होता.

आता दुसरी बाजू पाहावी. निवडणूक लढविणाऱ्या प्रत्येक उमेदवारास लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम ७७ नुसार खर्चाचा अचूक हिशेब ठेवावा लागतो आणि कलम ७८ नुसार निकालानंतर ३० दिवसांच्या आत तो जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे दाखल करावा लागतो. त्या वेळी महाराष्ट्रात विधानसभेच्या उमेदवारासाठी खर्चाची मर्यादा १० लाख रुपये होती. चव्हाण यांनी दाखल केलेल्या हिशेबात एकूण खर्च सात लाखांहून कमी होता. त्यात वर्तमानपत्रांतील जाहिरातींचा खर्च ५,३७९ रुपये आणि केबल दूरचित्रवाणीवरील जाहिरातींचा ६,००० रुपये दाखविला होता. रंगीत पूर्ण पानाच्या जाहिरातीचा दर ज्यांनी एकदा तरी विचारला आहे, अशा कोणत्याही व्यावसायिकाला हे दोन आकडे आणि ती ४७ पाने शेजारी ठेवल्यावर काय वाटेल, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

चव्हाण यांनी आणि संबंधित दैनिकांनी आरोप नाकारला. हा मजकूर संपादकीय निवडीचा होता, त्यासाठी पैसे घेतलेले नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते. आणि पैशाचा व्यवहार झाल्याचे कोणत्याही न्यायालयात सिद्ध झालेले नाही, हेही येथे स्पष्टपणे नोंदविले पाहिजे. तथापि पैसे खरोखरच घेतले नव्हते असे मानले, तर प्रश्न अधिकच खोल जातो. पैसे न घेता निवडणुकीच्या ऐन धामधुमीत एकाच उमेदवाराची इतकी पाने का छापली जावीत?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना मालकीकडे पाहावे लागते. 'लोकमत' समूहाचे विजय दर्डा त्या वेळी राज्यसभेचे सदस्य होते आणि त्यांचे बंधू राजेंद्र दर्डा हे अशोक चव्हाण यांच्या मंत्रिमंडळात मंत्री होते. दैनिकाचे संस्थापक जवाहरलाल दर्डा यांनीही स्वातंत्र्यलढ्यात भाग घेतला होता आणि पुढे राज्याच्या मंत्रिमंडळात काम केले होते. यात लपविलेले काहीच नाही. वृत्तपत्राच्या मालकाने राजकारणात असू नये, असा कायदा नाही आणि मराठी परंपराही तशी नाही. 'केसरी' हे लोकमान्य टिळकांचे राजकीय शस्त्रच होते. 'सामना' हे १९८८ मध्ये शिवसेनेचे मुखपत्र म्हणून सुरू झाले आणि आपण पक्षाचे मुखपत्र आहोत, हे ते उघडपणे सांगते. ते विकत घेणाऱ्याला पेटीत काय आहे हे ठाऊक असते. 'सकाळ'ची सूत्रे नानासाहेब परुळेकरांच्या पश्चात १९८० च्या दशकात पवार कुटुंबाकडे आली, हेही सर्वश्रुत आहे. मत असणे किंवा पक्ष असणे हा दोष नव्हे. पक्षाचा माल तटस्थ बातमीच्या पेटीत भरून विकणे, हा दोष आहे.

कायद्याला ही गोष्ट फार पूर्वीच उमगली होती. १८६७ च्या मुद्रण व पुस्तक नोंदणी कायद्यापासून प्रत्येक वर्तमानपत्रावर मुद्रक आणि प्रकाशक यांची नावे छापणे बंधनकारक झाले. पुढे १९५६ च्या नियमांनी दरवर्षी फेब्रुवारी संपल्यानंतरच्या पहिल्या अंकात मालकीचे निवेदन देण्याची सक्ती केली. 'फॉर्म ४' या मथळ्याखाली एका कोपऱ्यात येणारा तो कोरडा तक्ता बहुतेक वाचक ओलांडून जातात. पण एक टक्क्याहून अधिक भांडवल असणाऱ्यांची नावे त्यात देणे आवश्यक होते. त्याचप्रमाणे निवडणुकीच्या पत्रकावर व भित्तिपत्रकावर मुद्रक-प्रकाशकाचे नाव हवे, असे १९५१ च्या कायद्याचे कलम १२७-क सांगते. म्हणजे भिंतीवर चिकटविलेल्या कागदाला लेबल लागते. परंतु तोच मजकूर दैनिकाच्या पानावर 'आमच्या प्रतिनिधीकडून' म्हणून आला की लेबल गळून पडते.

भारतीय वृत्तपत्र परिषदेने या विषयावर दोन सदस्यांची उपसमिती नेमली: परंजॉय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी. त्यांनी २०१० मध्ये सुमारे ७० पानांचा अहवाल दिला आणि अनेक वृत्तपत्रांचा नामोल्लेख करून त्यांच्यावरील आरोप व त्यांचे खुलासे नोंदविले. परिषदेने मात्र ३० जुलै २०१० रोजी त्याचे संक्षिप्त रूप स्वीकारले. मूळ अहवाल केंद्रीय माहिती आयोगाच्या आदेशानंतर २०११ मध्ये सार्वजनिक झाला. वृत्तपत्रांची नीती पाहणाऱ्या संस्थेलाच वृत्तपत्रांची नावे उच्चारण्यास संकोच वाटावा, यातून मालकवर्गाचे वजन लक्षात येते.

या अहवालाने मांडलेले विवेचन हिशेबाच्या भाषेत सांगता येते. पैसे घेऊन छापलेल्या बातमीत फसवणूक तिहेरी असते. पहिली फसवणूक वाचकाची, कारण त्याला जाहिरात बातमी म्हणून दिली जाते. दुसरी निवडणूक कायद्याची, कारण उमेदवाराच्या खर्चात ही रक्कम कधीच दिसत नाही. तिसरी कराची, कारण रोखीने घेतलेली रक्कम वृत्तपत्राच्या जमेच्या बाजूला येत नाही. एकाच्या नावे खर्च नाही, दुसऱ्याच्या जमेस उत्पन्न नाही; व्यवहार मात्र पूर्ण झालेला असतो. कोणत्याही बँकेत अशी नोंद सापडली असती, तर निरीक्षकाने लाल शाईने वर्तुळ केले असते.

न्यायालयीन वाटचालही शिकण्यासारखी आहे. भोकरमधील पराभूत उमेदवार, माजी राज्यमंत्री डॉ. माधवराव किन्हाळकर यांनी निवडणूक आयोगाकडे तक्रार केली. हिशेब वेळेत आणि विहित नमुन्यात दाखल झाला की आयोगाचे काम संपते, त्याच्या खरेपणात शिरण्याचा अधिकार आयोगाला नाही, असा चव्हाण यांच्या बाजूचा युक्तिवाद होता. प्रश्न मूलभूत होता. तेरीज जुळली म्हणजे वही खरी ठरते काय? सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०१४ रोजी निर्णय दिला की आयोगाला हिशेबाच्या सत्यतेची चौकशी करता येते. त्यानंतर जुलै २०१४ मध्ये आयोगाने चव्हाण यांना कारणे दाखवा नोटीस दिली; परंतु दिल्ली उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१४ मध्ये ती रद्द केली. म्हणजे पाच वर्षांनंतर तत्त्व प्रस्थापित झाले, मात्र ज्या प्रकरणातून ते निघाले त्यात कोणावरही कारवाई झाली नाही. तोपर्यंत ज्या विधानसभेसाठी ती निवडणूक झाली होती, तिची मुदतही संपत आली होती.

हा विषय एका पक्षापुरता किंवा एका राज्यापुरता नाही. उत्तर प्रदेशातील बिसौलीच्या आमदार उमलेश यादव यांना बातमीच्या रूपातील जाहिरातीचा खर्च हिशेबात न दाखविल्याबद्दल आयोगाने ऑक्टोबर २०११ मध्ये तीन वर्षांसाठी अपात्र ठरविले. मध्य प्रदेशातील मंत्री नरोत्तम मिश्रा यांना २००८ च्या निवडणुकीतील अशाच आरोपावरून जून २०१७ मध्ये अपात्र ठरविण्यात आले. दिल्ली उच्च न्यायालयाने मे २०१८ मध्ये तो आदेश रद्द केला. संसदेच्या माहिती तंत्रज्ञानविषयक स्थायी समितीने २०१३ मध्ये यावर स्वतंत्र अहवाल दिला आणि विधी आयोगाने मार्च २०१५ मधील २५५ व्या अहवालात पेड न्यूजला कायद्याने गुन्हा ठरविण्याची शिफारस केली. शिफारस झाली, त्यावर चर्चा झाली. कायद्यात मात्र तसा गुन्हा दाखल झाला नाही.

परदेशातील एक उदाहरण येथे उपयोगी पडेल. ब्रिटनमध्ये रूपर्ट मर्डोक यांच्या 'न्यूज ऑफ द वर्ल्ड' या साप्ताहिकाने लोकांचे दूरध्वनी संदेश चोरून ऐकल्याचे उघड झाले आणि जुलै २०११ मध्ये १६८ वर्षांचे ते पत्र बंद पडले. त्याचे माजी संपादक अँडी कूलसन हे पुढे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन यांचे संपर्क संचालक झाले होते; २०१४ मध्ये त्यांना कारावासाची शिक्षा झाली. न्यायमूर्ती लेव्हसन यांच्या चौकशीत मालक, संपादक आणि सलग चार पंतप्रधान यांना शपथेवर उत्तरे द्यावी लागली. त्यातून सर्व रोग बरा झाला असे नव्हे. परंतु मंत्री कोणत्या वृत्तपत्राच्या मालकाला वा संपादकाला कधी भेटले, याची यादी प्रसिद्ध करण्याची पद्धत तेथे २०११ मध्ये सुरू झाली. भेटू नका असे कोणी म्हटले नाही. भेटीची नोंद दाखवा, एवढेच म्हटले.

मालक आणि सत्ता यांच्यातील दुवा केवळ नातेसंबंधाचा नसतो. तो अर्थकारणाचा असतो. वाचक अंकासाठी जी किंमत देतो, तीत कागद आणि छपाईचा खर्चही पुरता भागत नाही. उरलेला खर्च जाहिरातदार भागवितो आणि मोठ्या जाहिरातदारांत सरकार अग्रभागी असते. वृत्तपत्राखेरीज मालकाचे इतर उद्योग असतील, तर त्यांना परवाने, जमिनी आणि कंत्राटे लागतात. दुसरीकडे तालुक्याचा वार्ताहर तुटपुंज्या मानधनावर काम करतो आणि त्यालाच जाहिराती मिळविण्याचे उद्दिष्ट दिले जाते. सकाळी ज्याच्याविरुद्ध बातमी लिहायची, त्याच्याचकडे संध्याकाळी वाढदिवसाच्या पुरवणीसाठी जायचे, अशी त्याची कोंडी होते. कंपन्यांच्या बाबतीतही असेच घडले. टाइम्स समूहाने सुरू केलेल्या 'प्रायव्हेट ट्रीटी' पद्धतीत जाहिरातीच्या मोबदल्यात कंपनीचे समभाग घेतले जात. गुंतवणूकदार ज्या कंपनीची बातमी वाचतो, तिच्यात वृत्तपत्राचाच हिस्सा असेल, तर ते त्याला कळले पाहिजे, अशी भूमिका सेबीने घेतली आणि २०१० मध्ये वृत्तपत्र परिषदेने असा हिस्सा जाहीर करणे माध्यमांना बंधनकारक केल्याचे कळविले.

जैन वाचकाला या विषयापासून दूर उभे राहता येणार नाही. वर उल्लेखिलेल्या समूहांपैकी 'लोकमत' दर्डा कुटुंबाचा आणि टाइम्स साहू जैन कुटुंबाचा. या घराण्यांविषयी समाजाला अभिमान आहे आणि तो अस्थानी नाही. साहू शांतिप्रसाद जैन आणि रमा जैन यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या भारतीय ज्ञानपीठाचे भारतीय साहित्यावरील ऋण मोठे आहे. विदर्भ-मराठवाड्यात गावोगावी दैनिक पोहोचविण्याचे काम 'लोकमत'ने केले. परंतु आपल्या माणसांच्या कामगिरीत वाटेकरी व्हायचे आणि त्यांच्याविषयीच्या प्रश्नाच्या वेळी पान उलटायचे, हे न्यायाचे होणार नाही. श्रावकाच्या सत्याणुव्रताच्या अतिचारांत 'कूटलेखक्रिया' म्हणजे खोटा लेख करणे हा दोष सांगितला आहे आणि अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत 'प्रतिरूपक व्यवहार' म्हणजे अस्सलच्या जागी नक्कल देणे हा दोष सांगितला आहे. खोटा निवडणूक हिशेब पहिल्यात बसतो आणि बातमीच्या वेषातील जाहिरात दुसऱ्यात. व्यापाऱ्यांच्या समाजासाठी ही यादी ज्यांनी केली, त्यांना बाजार चांगलाच ठाऊक होता.

आणखी एक अवघड गोष्ट उरते. पैसे घेणारा असतो तेव्हा देणाराही असतोच. नेत्याच्या वाढदिवसाला रंगीत पुरवणी निघते आणि तिच्या तळाशी शुभेच्छुकांच्या नावांची रांग असते. त्या रांगेत गोदाममालक, वाहतूकदार, बांधकाम व्यावसायिक आणि धार्मिक संस्थांचे विश्वस्तही असतात. नाही म्हटले तर उद्या गोदामाच्या परवानगीचा कागद अडेल, अशी भीती त्यामागे असते. ती सर्वस्वी निराधार असते असेही नाही. परंतु शुभेच्छेची जाहिरात निदान जाहिरात म्हणून छापली जाते. संस्थेच्या कार्यक्रमाची 'बातमी' यावी म्हणून पाकीट देणारा विश्वस्त आणि निवडणुकीत पॅकेज घेणारा उमेदवार यांच्यात रकमेचा फरक असतो, प्रकाराचा नसतो. ज्याने स्वतः एकदा असे पाकीट दिले आहे, त्याला दुसऱ्या दिवशीच्या अंकावर विश्वास ठेवण्याचा वा अविश्वास दाखविण्याचा नैतिक अधिकार कितपत उरतो?

सामान्य वाचकाच्या हाती फार काही नाही, असे म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. निवडणूक काळात प्रत्येक जिल्ह्यात माध्यम प्रमाणीकरण व संनियंत्रण समिती असते; संशयित पेड न्यूजची तपासणी करणे हे तिचे एक काम आहे आणि नागरिकाने सादर केलेले कात्रण तिच्यापुढे पुरावा ठरू शकते. दोन दैनिके शेजारी ठेवून एकच मजकूर दोन्हींत शब्दशः आला आहे काय, हे पाहण्यास कोणतीही पदवी लागत नाही. पानाच्या कोपऱ्यातील 'प्रायोजित' किंवा 'उपक्रम' असे बारीक अक्षर शोधण्याची सवय मुलांनाही लावता येते. आणि सर्वांत महत्त्वाचे, उमेदवाराने दाखल केलेला खर्चाचा हिशेब हा सार्वजनिक दस्तऐवज आहे. निवडणूक संचालन नियम, १९६१ च्या नियम ८८ नुसार कोणालाही एक रुपया शुल्क भरून तो पाहता येतो. राहनाळच्या मतदारासाठी ते कार्यालय ठाण्यात, जिल्हाधिकाऱ्यांच्या इमारतीत आहे.

गोदामात रोज शेकडो पेट्यांची चलने ताडून पाहणारी माणसे या परिसरात आहेत. त्यांच्यापैकी कोणी पुढच्या निवडणुकीनंतर एक रुपया भरून एका उमेदवाराचा हिशेब उघडला आणि त्याच्या शेजारी त्या महिन्याच्या वर्तमानपत्रांची थप्पी ठेवली, तर तो कोणावर उपकार करीत नसेल. आपल्या नावावर आलेला माल मोजून घेत असेल.